जानव्याची किल्ली

आल्हादने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून बोटीची तिकिटं माझ्या हातात ठेवली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, पाच दिवस. आमचा हा एकुलता एक मुलगा नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी करतो, स्वतः कधी दिवेआगरच्या पुढे गेला नाही, आणि आईबापाला थेट समुद्रावर धाडतोय. शेजारी सूनबाई, म्हणजे स्वरदा, उगीचच हसत उभी होती.

"आणि बाबा, तुमचा प्रवासाचा विमाही काढलाय हं," ती म्हणाली.

विमा! एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला समुद्रात पाठवायचं आणि वर त्याचा विमा काढायचा. मी सदऱ्यावरून हात फिरवून जानव्याला बांधलेली किल्ली जागेवर आहे ना, ते पाहिलं.

त्या किल्लीबद्दल सांगायला हवं. मी नाशिकचा तीर्थोपाध्याय. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंची कृत्यं करायची आणि त्यांच्या वह्या सांभाळायच्या, हे आमच्या घरात सात पिढ्या चाललंय. यात्रेकरू आला की तो स्वतःच्या हाताने आमच्या वहीत लिहितो: नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, कशासाठी आलो. पुढे त्याचा नातू आला की मी पान काढून त्याच्यापुढे आजोबांचं अक्षर ठेवतो. भलेभले लोक त्या अक्षरावरून बोट फिरवत रडतात. अशा एकशे बारा वह्या माझ्या फ्लॅटमधल्या सागवानी कपाटात आहेत. कपाटाची बोटभर लांब लोखंडी किल्ली वडिलांच्या जानव्याला असायची, त्यांच्यामागे माझ्या जानव्याला आली. मी ती आखूड बांधतो, बरगड्यांशी, म्हणजे झोपेतसुद्धा टोचत राहते.

कपाट उघडलं की वेखंडाचा वास येतो. वडिलांनी कसर लागू नये म्हणून खालच्या कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवली होती. ते जाऊन अडतीस वर्षं झाली, वास अजून तसाच. यजमानांना मी ते आवर्जून सांगतो. आमच्या वडिलांची पुण्याई, म्हणतो.

आणि या वह्यांवर स्वरदाचा डोळा होता. वर्षभर तिचं एकच टुमणं, "बाबा, पानांचे फोटो काढून ठेवू या. पाणी लागलं, आग लागली, तर?" एकदा तर ऑफिसातल्या कुणा महेशला कॅमेरा घेऊन घरी आणलंन. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. फोटो निघाले की वही कशाला लागणार? आणि वही लागेनाशी झाली की मी तरी कशाला लागणार?

तर आता घर पाच दिवस मोकळं मिळणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी सासूसुना स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी आत गेलो तशा गप्प झाल्या. गोदावरी, म्हणजे माझी बायको, एरवी नाकासमोर बघून चालणारी बाई. पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला तिचाही संशय आला. एवढं खूश व्हायला काय झालं होतं?

बोट म्हणजे पाण्यावरची सोसायटीच होती. लिफ्ट, लॉबी, सगळीकडे गालिचे, आणि येताजाता नमस्कार करणारी माणसं. मला ते नमस्कार पटले नाहीत. गोदावरी मात्र पहिल्या संध्याकाळपासून कठड्याला धरून उभी. "अहो, बघा तरी," म्हणायची. मी बघायचो ते मोबाइलकडे. किनारा सुटला तशी रेंज गेली. दोन दिवस घरी फोन लागला नाही. आल्हाद म्हणालाच होता, बोटीवर फोन लागत नाहीत. हे त्याला आधीच कसं ठाऊक?

तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी म्हणालं, वरच्या डेकवर कधीकधी रेंज येते. मी मोबाइल उंच धरून पोहायच्या तलावाशेजारचा जिना चढत होतो. पायऱ्या ओल्या होत्या. पाय सटकला आणि मी उजव्या कुशीवर आदळलो. मोबाइल तलावात गेला. आणि बरगडीत अशी कळ गेली की तोंडातून आवाजच फुटेना. मी किल्लीवर पडलो होतो.

चाकाच्या खुर्चीत घालून मला अगदी खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात नेलं. गोदावरी मागून अनवाणीच धावत आली. तिथे पांढऱ्या कोटातली एक पोरगी पुढे आली. मला वाटलं नर्स असेल, तर हीच डॉक्टर. जेमतेम तिशीची. हिंदीत बोलत होती, गोड, फारच गोड.

तिने सदरा वर केला आणि म्हणाली, "अरे बाप रे." उजव्या कुशीवर किल्लीचा ठसा उमटला होता. दाते, दांडी, वरचं कडं, सगळं काळंनिळं.

"श्वास घेताना दुखतंय?"

"थोडंसं," मी म्हणालो. खरं तर श्वास अर्ध्यावरच अडत होता. पण अनोळखी डॉक्टरला सगळं सांगू नये, हा माझा नियम. जास्त सांगितलं की जास्त तपासण्या निघतात.

तिने नळी लावून छाती ऐकली, दोनदा. बोटाला चिमटा लावला, त्यावरचा आकडा बघून तिचं हसू कमी झालं. "एक्स-रे काढावा लागेल. बरगडीला तडा असेल तर ठीक, पण तिचं टोक फुप्फुसात घुसलं असेल तर तुम्हाला बोटीवर ठेवता येणार नाही. आत्ताच्या आत्ता कळायला हवं. ही किल्ली काढा."

मला वाटलंच! नाशिकपासून इतक्या दूर, समुद्राच्या मधोमध, आणि हिलाही किल्लीच हवी.

"ती निघत नाही," मी म्हणालो.

"मग धागा कापू."

"जानवं कापायचं? अंगावर दुसरं घातल्याशिवाय पहिलं उतरवत नाहीत आमच्यात!"

मी किल्ली बाजूला सरकवूही देईना. तिने वाद घातला नाही. किल्लीसकटच एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. बरगड्या राखाडी, आणि त्यांच्यावर पांढरीशुभ्र किल्ली. नेमकी दुखऱ्या जागेवर. "किल्लीमागे काय आहे ते मला दिसत नाही," ती म्हणाली. "आणि तुमचा श्वास मघापेक्षा वाढलाय."

वाढला होता. कपाळावर घाम आला होता. मला कळत होतं की हा हट्ट जिवावर बेतेल, तरी माझं बोट काही त्या गाठीवरून हलेना. किल्ली गेली की वह्या गेल्या, एवढंच डोक्यात.

गोदावरीने हात पुढे केला. तळहात उघडा, मधे मेंदीचा फिका डाग. "माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "मी धरून बसते."

मी त्या हाताकडे पाहिलं आणि मला स्वयंपाकघरातली कुजबुज आठवली. हिच्या हातात गेली की उद्या सुनेच्या हातात. खोटं कशाला बोलू, हेच आलं मनात.

मी डॉक्टरकडे वळलो. "तुमचं आडनाव काय?"

"ढोमसे. हर्षाली ढोमसे."

"गाव?"

"लासलगाव." आता ती मराठीत बोलू लागली. "काका, हे नंतर बोलू ना."

"लासलगावचे ढोमसे," मी म्हणालो. धाप लागत होती, पण मला सापडलं होतं. "आजोबा वाल्मीक. पणजोबा झुंबर. वाल्मीकरावांनी आईच्या अस्थी आणल्या होत्या. डाव्या हाताने लिहायचे, अक्षर मागे कललेलं. खरं की नाही?"

ती बघतच राहिली. "आजोबा डावरेच होते. तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या वहीत आहेत ते," मी म्हणालो. आणि सगळा संशय फिटला. सात पिढ्यांची सवय आहे ती. ज्याचं नाव वहीत, तो आपला. "घ्या किल्ली. तुमच्याच खिशात ठेवा. दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही."

तिने चिमट्याने गाठ सोडवली आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. गोदावरीचा हात अजून तसाच पुढे होता. तो तिने हळूच मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

बरगडीला नुसता तडा होता. फुप्फुस शाबूत. वेदनेचं इंजेक्शन, गोळ्या, दर तासाला दहा खोल श्वास, खोकताना कुशीशी उशी धरायची. डॉक्टरीणबाईंनी सगळं मराठीत लिहून दिलं. किल्लीही जानव्याला परत बांधून दिली, टाके घालतात तशी घट्ट गाठ मारून. "आता निघायची नाही, काका," म्हणाल्या. पुढचे दोन दिवस गोदावरीने मला उशी दिली, पाणी दिलं, तासाला दहा श्वास मोजून घेतले. बोलली मात्र काही नाही. कठड्यापाशीही परत गेली नाही. मला वाटलं, दमली असेल.

मुंबईहून गाडीने आलो. कसाऱ्याच्या घाटात प्रत्येक खड्डा बरगडीने मोजला. घरात शिरलो ते तडक कपाटाकडे. गाठ सुटेना, म्हणून जानव्यासकट कुलपाशी वाकलो, अक्षरशः कपाटाला मिठी मारली आणि उघडलं.

वह्या जागेवर होत्या. एकशे बाराच्या एकशे बारा. धुळीचा थरसुद्धा मोडलेला नव्हता. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली. संशय खरा ठरला नाही की असंच होतं.

वाकल्याने कळ आली म्हणून तिथेच जमिनीवर बसलो. एरवी मी उभ्यानेच वह्या काढतो. खालच्या कप्प्यात निर्वंश घराण्यांच्या वह्या आहेत, तिकडे हात घालायची वेळ येत नाही. आज बसलो म्हणून समोर दिसलं. वह्यांच्या मागे वेखंडाची पुरचुंडी होती. पिवळ्या कापडाची, त्यावर लाल मोर.

ते कापड मी ओळखलं. माझ्या नातीच्या, ओवीच्या बारशाच्या झबल्याचं. ओवी आता सहा वर्षांची आहे. आणि वडील जाऊन अडतीस वर्षं झालीत.

"स्वरदा!" मी ओरडलो. बरगडी त्याहून मोठ्याने ओरडली. "कपाट कुणी उघडलं? दुसरी किल्ली कुणी करवून घेतली?"

ती पोळपाटावरून पिठाच्या हातांनीच धावत आली. "बाबा, शप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणीही खरं वाटेना.

"तिला का ओरडताय?" गोदावरी देवघरातून आली. तिच्या हातात हळदीकुंकवाचा डबा होता. त्याच्या तळातून तिने एक किल्ली काढली. बोटभर लांब, लोखंडी, माझ्या किल्लीची जुळी.

"सासूबाईंनी दिली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. म्हणाल्या, पुरुष वह्या वाचतात, जपायच्या आपण. दर दिवाळीला तुम्ही कुंडावर गेलात की मी उघडते. पुसते, उन्हं दाखवते, वेखंड बदलते. सांगायचं नाही म्हणाल्या होत्या, नाही सांगितलं."

मी त्या पुरचुंडीकडे बघत बसलो. अडतीस वर्षं मी लोकांना वडिलांची पुण्याई सांगत होतो.

"मग त्या दिवशी कुजबुज कसली चालली होती?" मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

"मला समुद्र बघायचा होता," ती म्हणाली. "तुम्हाला यात्रेकरू सोडून जाता येत नाही म्हणून चाळीस वर्षं मी कधी विचारलं नाही. पोरांना सांगितलं. तुम्हाला कळलं तर नको म्हणाल, म्हणून हळू बोलत होतो."

तिने ती दुसरी किल्ली माझ्यासमोर, वह्यांवर ठेवली. "ही पण तुमच्याकडेच राहू द्या. बोटीवर तुम्ही म्हणालात ना, दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही. मी ऐकलं ते. मी दुसरीच. माझं नाव कुठल्या वहीत आहे?"

नव्हतं. आमच्याच घरातल्या बायकांची नावं आम्ही कधी लिहिली नाहीत. मला माझ्या आजीचं माहेरचं नावसुद्धा माहीत नाही, आणि ढोमश्यांचा पणजोबा तोंडपाठ आहे. मला लाज वाटली. घाईघाईने मी चालू वही ओढली, कोरं पान काढलं, पेन तिच्यापुढे केलं. "लिही. आत्ता लिही. तुझ्या हाताने."

तिने पानाकडे पाहिलं. "मी काय यात्रेकरू आहे?"

"मग ही घे," मी म्हणालो आणि जानव्याची किल्ली सोडवू लागलो. डाव्या हाताला ती गाठ दाद देईना आणि उजवा वळवला की डोळ्यांपुढे काजवे. "अगं, जरा सोड ना. निघत नाहीये."

"डॉक्टरीणबाईंना फोन लावा," गोदावरी म्हणाली. "त्यांनीच बांधलीय." आणि ती स्वरदाचे डोळे पदराने पुसत तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. बरगडी सांधत आली आहे. गोदावरी माझ्याशी बोलते, वेळेवर जेवायला वाढते, तक्रारीला जागा नाही. मी कपाटाला कुलूप लावत नाही. दुसरी किल्ली तिने ठेवली तिथेच वह्यांवर पडली आहे. मी रोज सकाळी आंघोळ झाली की बघतो, ती तिथून हलली का. अजून हललेली नाही, आणि वेखंडाचा वास आता जवळ गेल्याशिवाय येत नाही.