जवळच्या नजरेचं कार्ड

चष्मेवाल्याला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक होतं, आणि ती सगळी हुशारी तळहाताएवढ्या एका कार्डावर मावली होती. चाळिशी उलटलेलं गिऱ्हाईक आलं की लांबची अक्षरं वाचून झाल्यावर जवळचं दिसतंय का तेही बघावं लागतं. त्यासाठी प्रत्येक चष्मेवाल्याकडे एक कार्ड असतं. वर मोठी अक्षरं, खाली बारीक, अगदी तळाला मुंग्यांची रांग. कंपनीकडून येणाऱ्या कार्डावर हवामानाचा असा काही रटाळ मजकूर होता की वाचता वाचता माणसाला जांभई यावी. आमच्या चष्मेवाल्याने ते कार्ड खणात टाकलं आणि स्वतःचं छापून घेतलं. त्यावर त्याच्या प्रभूची वचनं होती.

निवड त्याने विचार करून केली होती. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, थकल्याभागल्यांना जवळ बोलावणारं वचन. मग क्षमेचं. आणि तळाशी, ज्याला भिंग नीट बसलं त्यालाच दिसेल असं, मरणापलीकडच्या आयुष्याचं. नजर जसजशी सुधारेल तसतसा माणूस खोल जाईल, अशी ती योजना. सुचली त्या दिवशी त्याने स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. कोणाच्या दाराची कडी वाजवायची नाही, रस्त्यात उभं राहून पत्रकं वाटायची नाहीत, वाद नाही, हुज्जत नाही. नाना धर्मांची माणसं दुकानात येत, खुर्चीत बसत आणि आपल्याच तोंडाने शुभवार्ता वाचून जात. याहून सौम्य ते आणखी काय असायचं?

"अहो, डोळे तपासायला आलेला असतो माणूस," त्याची बायको म्हणाली होती. ती काउंटर सांभाळायची, आणि जमेल तेवढं नवऱ्यालाही.

"मग मी कुठे काय बोलतो? तेच वाचतात."

"तेच म्हणतेय मी. नाही म्हणायची सोय कुठाय त्यांना?"

"नाही म्हणायला मी मागतोय काय त्यांच्याकडे?"

यावर तिने फ्रेमा पुसायला घेतल्या. ती फ्रेमा पुसायला लागली की समजायचं, तिचं म्हणणं अजून संपलेलं नाही.

एकदा एका टॅक्सीवाल्याने कार्ड परत देताना विचारलं, "हे कुठलं आहे हो? बरं वाटलं वाचून." त्या एका वाक्यावर चष्मेवाला कितीतरी दिवस तरंगत होता. बाकीची माणसं कार्ड मुकाट्याने परत देत, हे त्याने काही जमेला धरलं नाही.

खरं सांगायचं तर गडी मुळात भित्रा. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, कोणाच्या आजारपणात धावून जाणारा, नाकासमोर चालणारा माणूस. पण मी काय मानतो आणि का मानतो, हे समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. समोरचा हसला तर? रागावला तर? संबंध तुटले तर? कार्डाला असली भीती नव्हती. कार्ड त्याच्या वतीने बोलायचं आणि तो भिंगं बदलत अंधारात उभा राहायचा.

शेजारच्या गाळ्यात घड्याळजी बसत. दोघांच्या दुकानांत एकच भिंत, आणि चहाची किटलीही एकच. घड्याळजींचा देव वेगळा. सकाळी दुकान उघडलं की ते क्षणभर डोळे मिटून त्याचं नाव घेत, मग उजव्या डोळ्याला भिंग लावत आणि दुसऱ्याच्या थांबलेल्या काळात मान खुपसत. दुपारी चहा आला की दोघांची थट्टा सुरू.

"काय डोळेसाहेब, आज किती जणांना आंधळं ठरवलंत?"

"तुमच्याइतकं नाही. तुम्ही तर चालू घड्याळ बंद करून देता."

"बंद घड्याळ निदान दिवसातून दोनदा खरं बोलतं हो. तुमचा लांबचा नंबर एकदा तरी खरा निघतो का?"

घड्याळजींचा धाकटा भाऊ गेला तेव्हा चष्मेवाला दुकान बंद ठेवून त्यांच्यापाशी बसून राहिला होता. बोलला काहीच नाही. मनात प्रार्थना केली, पाण्याचा पेला पुढे केला, खांद्यावर हात ठेवला. घड्याळजी मध्येच त्याच्याकडे टक लावून बघत राहिले होते, काहीतरी विचारायचं असल्यासारखे. तेव्हाही आपला हा मूग गिळून गप्प.

मग घड्याळजींना बारीक काटे धूसर दिसायला लागले, आणि चष्मेवाल्याने त्यांना हाताला धरून आपल्या खुर्चीत आणून बसवलं. नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढवली. दिवा मालवला, कार्डावरचा छोटा दिवा लावला आणि कार्ड हातात दिलं. बाकीच्यांचं एक, पण हा आपला माणूस.

घड्याळजींनी पहिली ओळ वाचली आणि थांबले.

"दिसत नाही का?"

"दिसतंय."

"मग वाचा ना पुढे. आता बघा, हे भिंग बरं की आधीचं?"

"हे बरं आहे."

ते वाचत गेले, खालच्या मुंग्यांपर्यंत. आवाज खोल, सपाट, जरासा जड. चष्मा झाला, छान बसला, घड्याळजींनी हात जोडून आभार मानले. संध्याकाळी चष्मेवाला बायकोला म्हणाला, "वाचताना आवाज भरून आला होता त्यांचा. मी ऐकला ना." बायकोने या वेळी फ्रेमा पुसायला घेतल्या नाहीत, नुसती बघत राहिली.

त्यानंतर घड्याळजी त्या खुर्चीत पुन्हा बसले नाहीत.

चहा चालू होता, थट्टा चालू होती, सणासुदीला एकमेकांच्या घरी जाणं चालू होतं. पण चष्मेवाला म्हणाला, "या एकदा, नंबर बघू, डोळ्याचा दाबही बघून टाकू," की घड्याळजींचं उत्तर ठरलेलं. सध्या काम फार आहे. पुढच्या महिन्यात बघू. एक दिवस त्यांच्या नाकावर फुटपाथवरचा तयार चष्मा दिसला. चष्मेवाल्याने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्यांची टर उडवली. घड्याळजी हसले आणि चष्मा नीट करून पुन्हा कामाला लागले. चष्मेवाल्याच्या मनात तेव्हाही शंकेची पाल चुकचुकली नाही.

वर्षं गेली. घड्याळजींचा कप हल्ली कलंडायला लागला. डाव्या बाजूला ठेवलेला असला की हटकून धक्का लागायचा. दुकानाबाहेर पडताना डावा खांदा फळीवर आदळायचा. "काय घड्याळजी, सकाळी सकाळी लावून आलात की काय?" चष्मेवाला म्हणायचा, आणि दोघंही खो खो हसायचे. जन्मभर लोकांचे डोळे तपासलेला माणूस, समोर रोज कप कलंडताना बघत होता आणि हसत होता.

मग एका सकाळी घड्याळजी दुकानाच्या पायरीवरून उतरले आणि डावीकडून आलेल्या सायकलवर जाऊन धडकले. सायकलवाली मुलगी घंटी वाजवून वाजवून थकली होती. फार लागलं नाही, गुडघा खरचटला. चष्मेवाल्याने त्यांना त्यांच्याच स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. घड्याळजी म्हणत होते, "कुठून आली कळलंच नाही हो, रस्ता मोकळा होता." आणि आता मात्र चष्मेवाल्याला रोजचा कलंडणारा कप आठवला.

"उजवा डोळा हाताने झाका," तो म्हणाला. "माझ्या नाकाकडे बघा. नाकाकडेच. बोट दिसलं की सांगा."

त्याने बोट त्यांच्या डावीकडून, अगदी कडेपासून हळूहळू आत आणायला सुरुवात केली. कोणालाही ते लगेच दिसायला हवं. घड्याळजी गप्प. बोट कानापाशी आलं, गालापाशी आलं, पार डोळ्यासमोर यायला आलं.

"दाखवा की बोट," घड्याळजी म्हणाले. "किती वेळ नाक बघू तुमचं?"

चष्मेवाल्याने बोट खाली घेतलं. काचबिंदू. हा चोर दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो आणि मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. त्यात घड्याळजींचं सगळं काम उजव्या डोळ्याने, भिंगातून. डावा डोळा विझत गेला तरी त्यांना कळणार कसं? कळायची एकच जागा होती, भिंतीपलीकडची ती खुर्ची.

डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर बराच वेळ तपासलं. डाव्याचं बहुतेक गेलं आहे, त्या म्हणाल्या, आणि गेलेलं परत येत नाही. उजव्यालाही सुरुवात झाली आहे, पण थेंब नियमित घातले तर तो वाचेल.

"आधी यायला हवं होतं तुम्ही. तुमच्या शेजारीच चष्म्याचं दुकान आहे म्हणता ना? तिथे दाब नाही का बघत?"

चष्मेवाला तिथेच उभा होता. त्याने तोंड उघडायच्या आत घड्याळजी म्हणाले, "बघतात हो. नेहमी बोलावतात. मीच गेलो नाही."

बाहेर लांबलचक व्हरांडा होता, भिंतीला टेकवलेली बाकडी, औषधाच्या खिडकीसमोर रांग. दोघं बाकड्यावर बसले. चष्मेवाल्याला उत्तर ऐकायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"का नाही आलात, घड्याळजी?"

"जाऊ द्या ना आता."

"नाही. सांगा मला."

घड्याळजींनी हातातली थेंबांची बाटली फिरवून फिरवून पाहिली. "तुमच्या खुर्चीत बसलं की ते वाचावं लागतं," ते म्हणाले.

चष्मेवाला त्यांच्याकडे वळला.

"वाईट काही नव्हतं त्यात. चांगलंच लिहिलेलं होतं. पण नाकावर तुमची ती फ्रेम, खोलीत अंधार, आणि दिवा फक्त त्या कार्डावर. मी बघणार तरी कुठे? नाही वाचत म्हणालो असतो तर तुमचा अपमान, आणि वाचलं तर... वाचत होतो आणि मनातल्या मनात माझ्या देवाची माफी मागत होतो."

म्हणजे तो जड आवाज त्या माफीचा होता. आणि आपण तो घरी नेऊन बायकोला कौतुकाने सांगितला. चष्मेवाल्याला शरमेने मान वर करवेना.

"एकदा बोलायचंत तरी. मी त्या दिवशीच फाडून टाकलं असतं हो ते."

"काय बोलणार? तुमची श्रद्धा आहे. तुम्हाला लागलं असतं." घड्याळजींनी बाटली मांडीवर ठेवली. "मला राग त्याचा नाही आला, डोळेसाहेब. राग आला तो वेगळ्याचा. इतकी वर्षं रोज चहा प्यायलो आपण. एकदा तरी कप खाली ठेवून म्हणाला असतात, की घड्याळजी, माझा प्रभू असा असा आहे, त्याने मला असं सावरलं. मी ऐकलं असतं. पटलं असतं असं नाही म्हणत, मला माझा देव पुरतो. पण ऐकलं असतं. भाऊ गेला त्या दिवशी तर मीच विचारणार होतो, की हा माणूस कोणाच्या बळावर एवढा शांत बसलाय. म्हटलं, आपणहून सांगतील. तुम्ही सांगितलंत ते कधी? मला मान हलवता येत नव्हती तेव्हा."

औषधाच्या खिडकीतून कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं. चष्मेवाला उठल्यासारखा झाला आणि परत बसला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तुमचा डोळा गेला माझ्यामुळे."

"निम्मा माझ्यामुळे. मलाही तोंड होतंच की." घड्याळजींनी बाटली त्याच्या हातात दिली. "माफी वगैरे राहू द्या. हे घालायचं कसं ते शिकवा. मला नाही जमत, डोळा आपोआप मिटतो."

त्याच दिवशी चष्मेवाल्याने छापून घेतलेलं कार्ड काढलं आणि खणातलं हवामानाचं आणून ठेवलं. बायकोने पाहिलं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आता रोज संध्याकाळी तो घड्याळजींच्या दुकानात जातो. घड्याळजी स्टुलावर बसून मान मागे टाकतात, तो दोन बोटांनी पापणी उघडी धरतो आणि थेंब सोडतो. मग डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा दाबून घड्याळजींना थोडा वेळ गप्प बसावं लागतं. चष्मेवाल्याला आता शब्दांची वाण नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं अगदी ओठांवर येतं. कसा एका काळात तो मोडून पडला होता, कोणी त्याला उचललं, घड्याळजींच्या भावासाठी त्या दिवशी त्याने काय मागितलं होतं. पण दुसऱ्याची मान मागे टाकलेली असताना बोलायचं नाही, एवढं तो शिकला आहे. उशिराने शिकला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

काल मात्र घड्याळजी मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "सांगायचं होतं ना काहीतरी तुम्हाला? सांगा की."

"डोळे उघडा, मग सांगतो. ऐकावंसं नाही वाटलं तर उठून जाता आलं पाहिजे तुम्हाला."

"माझ्याच दुकानातून मी कुठे उठून जाऊ?" घड्याळजी हसले. मग त्यांनी डोळे उघडले, पुसले आणि समोर भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत राहिले. "सांगा. कुठे आहात पण तुम्ही?"

तो त्यांच्या डाव्या हाताला बसला होता, नेहमीसारखाच, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ.

चष्मेवाल्याने स्टूल उचललं आणि उजवीकडे नेऊन ठेवलं. घड्याळजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाट बघत थांबले. आता मध्ये कार्ड नव्हतं, अंधार नव्हता, घाई तर मुळीच नव्हती. पहिलं वाक्य काही त्याच्या तोंडून फुटेना.