उशिराचं आमेन

तिसगावच्या चर्चमध्ये गेलं वर्षभर एकच कुजबूज होती, की मरियाबाई प्रार्थनेत डोळे उघडे ठेवते. शेजारच्या बाकावरच्या लंकाबाईनं तर जाहीरच केलं, की नवरा गेल्यापासून तिचा देवावरचा विश्वास उडालाय. आता मरियाचे डोळे उघडे दिसले, तर बघणारीचे तरी कुठे मिटलेले होते? पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार.

खरी गोष्ट साधी होती. मरियाला डोळे मिटून उभं राहताच येत नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्याभोवती घर गरगर फिरलं. ते फिरणं आठवड्यात थांबलं, पण अंगातलं डुलणं काही गेलं नाही. पित्ताची औषधं झाली, बीपीच्या गोळ्या झाल्या, मानेला पट्टा झाला. बघत राहिलं तर निभायचं. डोळे मिटले की पायाखालची जमीन सरकायची. बसून मिटले तरी बाकडं झोळीसारखं हलायचं.

एवढ्यानं तिचं काही अडलं नसतं. अडलं ते नवरा, एलिया, गेल्यावर. त्यांच्या चर्चमध्ये बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. एलिया बरोबर पलीकडच्या बाकाशी उभा राहायचा. सगळ्यांचं आमेन म्हणून झालं, लोक बसायला लागले, की मग सावकाश, जड आवाजात तो आपलं आमेन म्हणायचा. पोरं खुदखुदायची. घरी आल्यावर मरिया चिडायची, "समद्यांसंगं म्हणाया काय हुतं तुमाला?"

"समदे एकदम बोलल्यावर देवाला माझं कसं कळंल?" तो म्हणायचा.

आता त्या जागी जोशुआ मास्तर उभे राहायचे. सज्जन माणूस, त्यांचा बिचाऱ्यांचा काय गुन्हा? पण दर रविवारी मरियाचे डोळे उघडे आणि समोर जोशुआ मास्तर. तिला वाटायचं, एकदा उभ्यानं डोळे मिटता आले, तर पलीकडं कोण आहे ते दिसणार नाही. मग तिथं तो असेलही. घरी पडल्या पडल्या डोळे मिटले की यायचा तो दवाखान्यातला, नाकात नळी घातलेला एलिया. तो तिला नको होता. चर्चमधला, ताठ उभा असलेला हवा होता. त्याची अशी ओढ लागली होती, की शनिवारपासूनच तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

शेवटी सून ग्रेस तिला नगरला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं तोल सावरायचे व्यायाम शिकवणारी निकिता नावाची तरुण मुलगी होती.

"आजी, तुम्हाला काय करता यायला हवंय?"

"उभ्यानं डोळे मिटायचेत."

निकिताला हे नवीनच होतं. तिच्याकडं येणाऱ्यांना जिना चढायचा असतो, रस्ता ओलांडायचा असतो.

उपचार असा, की मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्यानं डोक्याला बांधायचे आणि त्यातून अगदी बारीक करंट सोडायचा. गावात बातमी पोचली, की मरियाला शॉक देतात. शॉक कसला, नुसत्या मुंग्या. निकितानं आधीच सांगितलं, "नुसत्या ह्यानं भागणार नाही. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. तुमच्या मेंदूनं सगळा भरवसा डोळ्यांवर टाकलाय, पायांचं तो ऐकतच नाही. करंट त्याला जरा जागं करील. शिकायचं मात्र तुम्हालाच."

मग मऊ गादीवर पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. मरिया गुपचूप एक बोट भिंतीला लावायची.

"आजी, भिंत सोडा."

"म्या सोडलीय. तीच सोडंना मला."

घरी कोपऱ्यात उशीवर उभी राहून ती तेच करायची, समोर ग्रेस हात पसरून. थोडं जमायला लागलं, तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! लगेच येत्या रविवारी तिनं चर्चमध्ये डोळे मिटले आणि थेट लंकाबाईच्या अंगावर गेली. त्या दिवशी लंकाबाईचे डोळे खरोखरच मिटलेले होते. मरिया घरी येऊन रडली. लाजेनं नाही. मिटल्या डोळ्यांनी आमेनपर्यंत पोचताच आलं नाही, म्हणून.

तरी तिनं नगरच्या खेपा सोडल्या नाहीत. कधी बरं वाटायचं, कधी पुन्हा डुलायचं. उन्हाळा सरता सरता एकदा ती गादीवर डोळे मिटून उभी असताना निकिता म्हणाली, "आजी, भिंत कधीची मागं राहिलीय."

त्या रविवारी मंडळी प्रार्थनेला उभी राहिली. मरियानं जोशुआ मास्तरांकडं एकदा पाहून घेतलं आणि डोळे मिटले. अंग जरा डुललं. टाचांनी जमीन धरली, अंगठ्यांनी धरली, आणि जमीन जागच्या जागी राहिली. पलीकडच्या अंगाला अंधार होता. त्यात कुणीही असू शकलं असतं. तिनं कान तिकडं लावले.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाकडी करकरली, पदर सावरले गेले, कुणीतरी खोकलं. मरिया तशीच उभी, ताठ, कशालाही न धरता. गालांवरून पाणी ओघळत होतं.

ग्रेसनं हळूच तिचा पदर ओढला. "आई, बसा आता. झाली प्रार्थना."

"थांब जरा," मरिया डोळे न उघडता म्हणाली. "त्यांचं ऱ्हायलंय अजून."