अंतर दोनशे दहा, वेळ पन्नास मिनिटं

मी विमानतळाच्या भिंतीवरचा बोर्ड बोलतोय. विमानतळ म्हटल्यावर भलतंसलतं डोळ्यांसमोर आणू नका. एक धावपट्टी, एक खोली, आठ खुर्च्या आणि मी. डोंगरापलीकडेही असाच एक विमानतळ आहे. तिथून रोज एक छोटं विमान आमच्याकडे येतं.

माझा जन्म घाईगडबडीतला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि पेंटरला सांगितलं, "लिही. अंतर दोनशे दहा किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं." रेघ डोंगराच्या पोटातून गेली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. विमान बिचारं डोंगराला वळसा घालून, समोरचा वारा खात येतं. त्याला सव्वा तास तरी लागतोच.

तेव्हापासून न्यायला आलेली माणसं मला वाचतात, घड्याळ बघतात आणि पन्नास मिनिटं झाली की कासावीस होतात. त्यांची समजूत घालायचं काम सफाईवाल्या मावशींचं. "अहो, त्या बोर्डाचं काय ऐकता? पहिल्या दिवसापासून थापा मारतोय मेला," असं म्हणत त्या माझ्याच तोंडावरून फडकं फिरवायच्या. राग यायचा, पण बोलणार काय? खरंच होतं ते.

मग एक मंगळवार उजाडला. मावशींची लेक पायलट झाली होती आणि मोठ्या कॅप्टनच्या शेजारी बसून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती. मावशींनी सकाळपासून फरशी तीनदा पुसली. पलीकडून फोन आला, विमान निघालं. डोंगराआड गेलं की वायरलेस लागत नाही, हे त्यांना पाठ होतं.

पन्नास मिनिटं झाली. पंचावन्न झाली. अकरा वर्षं सगळ्यांना धीर देणाऱ्या मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पन्नास लिहिलंय ना इथं? मग कुठाय माझी पोर?"

"मावशी, तुम्हीच तर म्हणता, बोर्ड थापा मारतो," साहेब म्हणाले.

"ते लोकांसाठी हो, साहेब!" आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. एवढी शरम मला कधीच वाटली नव्हती.

एक तास बावीस मिनिटांनी विमान उतरलं. लेक धावत आली. मावशींनी आधी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला घट्ट मिठी मारली.

"एवढा उशीर?"

"अगं आई, मध्ये डोंगर आहे. आरपार येऊ का त्याच्यातून?"

"नको बाई. ये आपली सावकाश."

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी पेंटरला बोलावलं. "वेळ सव्वा तास कर." मावशी झाडू घेऊन आडव्या आल्या. "आणि वारा सुटला, दीड तास लागला, तर? पुन्हा बसू मी जीव मुठीत धरून?" पेंटर ब्रश धरून ताटकळलेला. शेवटी मावशींनी सांगितलं तेच लिहिलं गेलं.

तर मंडळी, कधी इकडे आलात तर मला जरूर वाचा. कडेचा रंग उडालाय, पण आता मी खोटं बोलत नाही. माझ्यावर लिहिलंय: अंतर, डोंगराला वळसा घालून दोनशे नव्वद किलोमीटर. वेळ, पोरं सुखरूप पोहोचायला लागेल तेवढा.