वर गेलेला हौदा

माझा आवाज मोठा आहे, असं आमच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या दिवशी मात्र तो काही कामाला आला नाही. "हौदा आधी खाली घ्या" म्हणून मी घसा फोडून ओरडत होते आणि आमचे हे डंपरच्या काचा लावून, खडी ओतायला उचललेला हौदा तसाच वर ठेवून ऐटीत पुढे निघाले. का, तर खडी आमच्या नव्या घराच्या पायापासून लांब पडत होती आणि सासूबाईंनी हातानं खूण केली, जरा पुढं घे.

वर विजेच्या तारा. हौदा तारेला टेकला. काडकन आवाज झाला, ठिणग्यांचा सडा पडला आणि मागच्या चाकाखालची माती धुमसायला लागली.

केबिनमध्ये हे जिवंत होते. पांढरेफटक पडले होते, पण जिवंत. माझे वडील वायरमन होते. गाडीतला माणूस गाडीतच बसून राहिला तर वाचतो, एक पाय जमिनीवर टेकवला की संपला, आणि जवळ धावत जाणाराही संपला, हे त्यांनी आमच्या डोक्यात भिनवलं होतं. मी दोन्ही हात दाखवून यांना बसा, बसा करत होते. शेजारच्या बांधकामावरचा गवंडी वीज कंपनीला फोन लावत होता.

तेवढ्यात सासूबाई पदर खोचून डंपरकडे धावल्या.

मी मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. त्या आवरेनात, तशी सरळ खाली पाडलं आणि अंगावर बसले. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला त्यांनी. मनगटाला कडकडून चावल्या. आईच ती, काय करणार? पण तो तमाशा बघून यांनी केबिनचं दार उघडलं. आईला सोडवायला येत होते, शहाणे!

"आईंना मी धरलंय," मी ओरडले. "तुम्ही पाय खाली ठेवलात, तर मी यांना सोडून देईन."

दार पुन्हा लागलं.

मग एकाएकी ठिणग्या थांबल्या. सगळं चिडीचूप. सासूबाई म्हणाल्या, गेली वीज, आता तरी सोड, पाया पडते तुझ्या. गवंडीही म्हणाला, गेली वाटतं. खोटं कशाला बोलू, माझेही हात सैल पडायला लागले होते. पण कंपनीचं माणूस अजून आलं नव्हतं, आणि गेलेली वीज सांगून परत येत नाही. मी सोडलं नाही.

पुन्हा काडकन झालं. आता सासूबाईंनीच माझा हात गच्च धरला.

कंपनीचे वायरमन आले, लाईन बंद केली, तार तपासली आणि उतरा म्हणाले, तेव्हा कुठे हे उतरले. सरळ आमच्याकडे आले. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलतील. तर आईच्या अंगावरची माती झटकत म्हणाले, "अगं, आईला एवढं कशाला आवळायचं?"

माझं डोकंच फिरलं. इतका वेळ दाबून धरलेलं रडू फुटलं आणि रडत रडतच त्यांच्या दंडावर एक ठेवून दिली.

"अजून एक दे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या वाटची."