मोहाखालचा श्वास

१९७८ सालचा मार्च. हिंगण्याच्या एका कारखान्यात नर्स असलेली प्रेमिला जंगलातल्या प्रथमोपचाराचं शिक्षण घेत होती. फौजेतून निवृत्त झालेले डॉक्टर आनंदराव शिकवायचे. त्या दिवशी कोंढाळीजवळच्या जंगलात शेवटची परीक्षा होती. पास झालं की सर्टिफिकेट.

दुपारी अवचित आभाळ भरून आलं. आनंदरावांनी सगळ्यांना जीपमध्ये बसवलं, तोच समोरच्या मोहावर वीज कोसळली. खोडाची साल उभी सोलून निघाली. झाडापासून थोड्या अंतरावर मोहफुलं वेचणारं एक जोडपं आडवं झालं होतं.

बाई पाय धरून किंचाळत होती. सगळे तिच्याकडे धावले. नवरा मात्र निपचित पडला होता.

"तो गेला गा," कुणीतरी म्हणालं.

प्रेमिलाला आनंदरावांचं शिकवणं आठवलं. वीज पडल्यावर ओरडणारा जिवंत असतो. आधी गप्प पडलेल्याकडे जायचं. ती त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली. आनंदरावांनी त्याच्या मानेवर बोटं टेकवली.

"नाडी लागतेय. श्वास नाही. सुरू कर!"

तिनं त्याची मान मागे केली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा. पुन्हा. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, ओठ बधिर झाले. माणूस तसाच.

"बाई, सोडू नको वं त्याले!" बायको ओरडली.

प्रेमिलानं आणखी एक श्वास दिला. छाती खाली गेली आणि मग, कुणी काही न करता, आपली आपणच वर आली.

प्रेमिला तशीच बसून राहिली. ती छाती पुन्हा उचलली गेली. कारखान्यात तिनं किती जखमा बांधल्या होत्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. आनंदरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

दोघांना जीपमधून नागपूरच्या दवाखान्यात नेलं. नवऱ्याचं नाव नत्थूजी, बायको रंभाबाई. परीक्षा राहूनच गेली. आनंदरावांनी प्रेमिलाला पास केलं.

तीन दिवसांनी ती भेटायला गेली, तेव्हा नत्थूजी चहा पीत होता. रंभाबाईनं हळूच विचारलं, "तुह्या तोंडातला वारा अजून याच्या अंगात हाय का वं?"

प्रेमिला नत्थूजीच्या छातीकडे पाहत राहिली.