उन्हात वाळत घातलेला पाय

"सोडलीत ना पुन्हा पट्टी!" कुंभाराच्या बायकोनं हातातली बादली तिथंच आदळली.

कुंभार अंगणात बाजेवर पाय पसरून बसला होता, टाच थेट उन्हाकडं. "ओरडतेस काय? ती नर्सबाई गिळगिळीत मलम फासून जाते, जखम आपली गिच्च ओली. ओलं ते कच्चं! ऊन खाऊ दे, आठ दिवसांत टणक होईल."

"आठ दिवस म्हणता म्हणता पाच महिने झाले!"

खोटं नव्हतं ते. साखरेच्या दुखण्यानं पाय कधी बधिर झाला, या बाबाला पत्ताच नव्हता. चिखल तुडवताना टाचेत खडा घुसला आणि हा गडी दिवसभर त्याच पायानं नाचत राहिला. पाय धुताना रक्त दिसलं ते बायकोला.

नर्सबाई आली. आज ती रागावली नाही, त्यानंच कुंभार घाबरला. तिनं कागदी मोजपट्टी लावून जखम मोजली. "वाढलीय. कडाही तडकल्यात. महिनाभरात भरायला लागली नाही, तर घोट्यापासून पाय काढावा लागेल, काका."

कुंभारानं टाच उन्हातून मागं ओढली. "अहो, पण मी तर वाळवत होतो..."

"कच्ची मडकी वाळवता का कधी अशी?" बायको उसळली. "सावलीत ठेवता, वर ओलं पोतं टाकता. मी एकदा उन्हात ठेवली, तर तडकली म्हणून अख्खं गाव गोळा केलंत! आणि स्वतःचा पाय?"

तीस वर्षं माती हाताळून एवढं सुचू नये, याची कुंभाराला लाज वाटली.

नर्सबाईनं मलम लावून नवी पट्टी बांधली. "आता परवा मीच सोडीन. आणि टाच जमिनीला टेकवायची नाही. एकदाही नाही."

"मग चिखल कोण तुडवणार?"

बायको कधीच चिखलात उतरली होती. धड तोल सावरेना तिला. एकाच जागी पाय आपटत होती, कडेचा चिखल तसाच.

"अगं, कडेनं आत ये! कडेनं!" कुंभार बाजेवरून ओरडला.

"गप पडा हो!"

ती घसरली, गुडघ्यावर आली. कुंभाराचा पाय आपसूक बाजेवरून खाली निघाला. त्यानं दोन्ही हातांनी पोटरी धरली, पाय वर ओढला आणि तसाच आवळून बसला. महिना काढायचा होता, आणि पहिल्या दिवसाची अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.