तिसऱ्या मजल्यापर्यंत

नवऱ्याच्या बदलीपायी या परक्या देशातल्या शहरात येऊन तीन आठवडे झाले, तरी तिचा कुत्रा ढब्बू लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला तयार नव्हता. घर सहाव्या मजल्यावर. नवरा सकाळी सातलाच कामावर पळायचा, त्यामुळे त्या सव्वीस किलोच्या धुडाला दिवसातून तीनदा जिन्यावरून नेण्या-आणण्याचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

त्या दिवशी फिरून परतताना ढब्बूने तिसऱ्या मजल्यावर चक्क बसकण मारली. तिने गोंजारलं, ओढलं, बिस्किटाचं आमिष दाखवलं, पण तो ढिम्म हलेना. तेवढ्यात समोरचं दार उघडून एक म्हातारी बाहेर आली आणि तिने तिथल्या भाषेत तोंडाचा पट्टा सुरू केला. हिला एक अक्षर कळेना. मग हिचाही पारा चढला.

"अहो आजी, मला काय हौस आहे का इथे बसायची?" ती चक्क मराठीत कडाडली. "हा लिफ्टला घाबरतो, नवरा घरात नसतो. तुम्हीच सांगा, काय करू मी?"

म्हातारीने ढब्बूची बाहेर लोंबणारी जीभ पाहिली. आत जाऊन वाडगाभर पाणी घेऊन आली. ढब्बूने ते लपलप संपवलं, उठला आणि सरळ म्हातारीच्या घरात शिरून सोफ्यापुढे पसरला. त्याला बाहेर काढता काढता दोघींची दमछाक झाली.

दुसऱ्या दिवसापासून तो तिसऱ्या मजल्यापर्यंत आपणहून धावत चढू लागला. पुढे मात्र त्याला उचलूनच न्यावं लागे.

"रुळला का गं तो?" नवऱ्याने विचारलं.

"रुळला ना," ती चपला भिरकावत म्हणाली, "म्हातारीकडे!"